भिंतीकडे तोंड केलेला मनुष्य

प्रौढ वर्गासाठी व शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ

शास्त्रवाचन : २ राजे २०:१-११, यशया ३८ व ३९, यशया ५६:१-८, प्रेषितांची कृत्ये ८:२६-३९



या पाठाचा विषय संकोचाचा आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झालेल्या पुरुषाच्या मनाचे काय होते आणि अशा वेळी मंडळीने त्याच्याशी कसे वागावे, याचा आपल्याला पवित्र शास्त्राच्या आधारे विचार करावयाचा आहे. स्तनाच्या कर्करोगाविषयी आपल्या भगिनी मंडळांतून आता पुष्कळसे मोकळेपणाने बोलले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. पुरुषांच्या या दुखण्याबद्दल मात्र "लघवीचा जरा त्रास आहे" एवढ्यावर बोलणे थांबते. शरीराच्या उपचाराचे डॉक्टर सांगतात. मनाचे कोणी विचारीत नाही, आणि तो गृहस्थ स्वतः होऊन सांगत नाही.

असे गृहस्थ आपल्या पुष्कळ मंडळ्यांत असतील. वर्षानुवर्षे पुढून तिसऱ्या बाकावर बसणारे, वर्गणी वेळेवर देणारे, नाताळच्या गायनात खालचा सूर धरणारे. एके दिवशी ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागतात. प्रभुभोजनाच्या रविवारी उपासना लांबते, म्हणून त्या दिवशी येतच नाहीत. लोक म्हणतात, कमिटीच्या निवडणुकीत पडले म्हणून रुसले आहेत. खरे कारण एवढेच असते की, त्यांना तासाभरात दोनदा उठावे लागते, किंवा कपड्यांच्या आत पॅड बांधावे लागते आणि शेजाऱ्याला वास येईल ही भीती त्यांना खात असते. हे कोणाला सांगायचे? पाळकसाहेब वयाने मुलासारखे, आणि भेटीला येतात त्या बहुधा भगिनी.

राजाचे आजारपण

हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा तो म्हातारा नव्हता. पंचविसाव्या वर्षी तो गादीवर बसला, एकोणतीस वर्षे त्याने राज्य केले आणि त्यांतील शेवटची पंधरा या दुखण्यानंतरची होती. म्हणजे तो चाळिशीच्या आसपासचा असावा. यशया संदेष्टा त्याच्याकडे आला आणि आडपडदा न ठेवता सांगून गेला की, या दुखण्यातून राजा उठणार नाही, त्याने घरादाराची व्यवस्था लावून ठेवावी. आजही पुष्कळांना कर्करोगाची बातमी अशीच मिळते. दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांच्या हातात बायॉप्सीचा कागद असतो, दोन वाक्यांत सारे सांगून होते आणि पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले जाते. माणूस बाहेरच्या बाकावर येऊन बसतो आणि त्यानंतर काय सांगितले गेले ते त्याला आठवत नाही.

राजाने तोंड भिंतीकडे फिरवले. ज्याने उच्च स्थाने मोडली, मोशेच्या वेळचा पितळेचा सर्पसुद्धा फोडून टाकण्यास जो कचरला नाही, तो हा राजा भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतो आणि रडतो. त्याने तोंड का फिरवले, याचे कारण शास्त्रात दिलेले नाही. सेवकांनी आपले अश्रू पाहू नयेत, असे त्याला वाटले असेल काय? आपल्या घरांत पुरुष रडतो तो बहुधा असाच, मोरीत नळ सोडून किंवा रात्री कुशीवर वळून. पण देवाने राजाला जे उत्तर पाठवले त्यात प्रार्थनेबरोबर अश्रूंचाही उल्लेख आहे, तो वर्गाला अवश्य दाखवावा. "मर्दासारखा मर्द आणि रडतो काय" असे म्हणणाऱ्यांना शास्त्राचा आधार नाही.

येथे तीन गोष्टी शिक्षकांनी सावकाश वाचून दाखवाव्यात. पहिली ही की, यशया परत आला. राजांच्या पुस्तकातील हकिगत पाहा : वाईट बातमी देऊन निघालेला संदेष्टा वाड्याचा मधला चौक ओलांडतो न ओलांडतो तोच देवाने त्याला माघारी पाठवले. ज्या तोंडाने ती बातमी सांगितली, तेच तोंड पुन्हा त्या खाटेजवळ आले. आपण आजाऱ्याच्या भेटीला जातो, प्रार्थना करतो, वहीत खूण करतो आणि मग दोन महिने फिरकत नाही. यशया त्याच दिवशी परतला. याचे महत्त्व पुढे कळून येईल.

दुसरी गोष्ट अंजिरांची. पंधरा वर्षांच्या आयुष्याचे अभिवचन आधी मिळाले आणि त्यानंतर गळवावर अंजिरांचे पोटीस बांधण्यास सांगितले गेले. अभिवचन आहे म्हणून औषध नको, असे यशया म्हणाला नाही. हे आज जोर देऊन सांगावे लागते, कारण आरोग्यसभेतून परतल्यावर इंजेक्शन बंद करणारी माणसे आपल्यांत आहेत. औषध सोडल्यानंतर काही महिने काहीच जाणवत नाही, त्यामुळे बरे झाल्यासारखे वाटते. रोग मात्र आत वाढत राहतो आणि पुढे पाठीचे हाड दुखू लागते. मग त्याच माणसाला ऐकवले जाते की, तुमचा विश्वास कमी पडला. आजाऱ्याच्या अंगावर आधीच एक ओझे असताना त्यावर दुसरे ठेवण्याचा हा प्रकार आहे, आणि तो बंद झाला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट यशयाच्या अडतिसाव्या अध्यायातच सापडते, राजांच्या पुस्तकात ती नाही. बरा झाल्यावर हिज्कीयाने आपले आजारपणातले मन लिहून काढले. मेंढपाळाचा तंबू उखडावा, विणकराने मागावरचे कापड कापून टाकावे, तसे आपले आयुष्य झाले होते. आपण पाखरासारखे चिवचिवत आणि पारव्यासारखे घुमत होतो, असे तो म्हणतो. रात्र सरत नव्हती हेही लिहितो. एका राजाने हे लिहून ठेवले आणि देवाच्या लोकांनी ते शास्त्रात जपले.

दुखण्याविषयी थोडे

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. उतारवयात ती बहुतेक पुरुषांची वाढते आणि ती साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर पाठ संपेपर्यंत अर्धा वर्ग घाबरून जाईल. तरी हा रोग दुर्मिळ नाही. २०२२ साली जगात त्याचे सुमारे साडेचौदा लाख नवे रुग्ण नोंदले गेले. पुरुषांच्या कर्करोगांत फुप्फुसाच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो.

कर्करोग म्हटले की मरण, हे समीकरण येथे नेहमी खरे नसते. ब्रिटनमध्ये रोग लवकर सापडलेल्या व ग्रंथीपुरताच असलेल्या सोळाशेहून अधिक पुरुषांचे तीन गट करण्यात आले. एकाची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला किरणोपचार, म्हणजे बोलीतला शेक दिला गेला, तिसऱ्यावर नुसती नियमित देखरेख ठेवून गरज पडली तेव्हा उपचार केले. २०२३ साली पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा तिन्ही गटांत मिळून या रोगाने मरण पावलेले शेकडा सुमारे तीनच निघाले. अर्थात हे लवकर सापडलेल्यांचे झाले. आपल्याकडे पुष्कळ जण रोग हाडांपर्यंत पोचल्यावर दवाखाना गाठतात, आणि त्याला हाच संकोच बऱ्याच अंशी कारण आहे. पण तेव्हाही उपचाराने रोग कित्येक महिने, कित्येकदा काही वर्षे, आवरून धरता येतो.

मनाच्या दृष्टीने उपचाराचीच बाजू अधिक अवघड जाते. शस्त्रक्रियेनंतर काही काळ लघवीवर ताबा राहत नाही. बहुतेकांचा तो हळूहळू परत येतो, काहींचा पुरता येत नाही. पतिपत्नीच्या संबंधांत अडथळा येतो. अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली संबंधित नसा राखून ही शस्त्रक्रिया करण्याची रीत बसवली, तेव्हापासून पुष्कळांचे हे नुकसान कमी झाले, पण सर्वांचे नाही.

रोग पसरलेला असला तर आणखी एक उपचार येतो. शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले की, हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो आणि त्याचा पुरवठा तोडला की तो मागे हटतो. १९६६ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. हा पुरवठा तोडण्याचे दोन मार्ग प्रचारात आहेत : महिन्यांच्या अंतराने इंजेक्शने घेत राहणे, किंवा वृषण काढून टाकण्याची लहानशी शस्त्रक्रिया. इंजेक्शनांचा खर्च चालूच राहतो. शस्त्रक्रिया एकदाच होते आणि स्वस्त पडते. म्हणून आपल्यासारख्या साध्या मिळकतीच्या घरांतून दुसरा मार्ग पुष्कळदा पत्करला जातो. कागदावर सही करताना तो मनुष्य मान हलवून "ठीक आहे डॉक्टर" म्हणतो. त्याच्या मनात त्या वेळी काय चालले असेल, याचा विचार करावा.

मार्ग कोणताही असो, पुढे स्त्रियांना पाळी जाताना होतात तशा गरम वाफा अंगातून येतात, रात्री घामाने झोपमोड होते, स्नायू ओसरतात, वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात, कामेच्छा मावळते, थकवा जात नाही. आणि काहींना एकाएकी रडू येते. टाळूसाठी उभे राहिलेल्या नातवाचे सुवर्णवचन ऐकूनसुद्धा येते. हे रडू अविश्वासाचे नाही, भित्रेपणाचेही नाही. संप्रेरक ओसरले की मनही हलते. तसे होऊ शकते हे त्या माणसाला आधीच सांगितलेले असले तर त्याचा अर्धा भार उतरतो.

मनाचे दुखणे हेही दुखणेच

निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०१४ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार उपचार सुरू होण्यापूर्वीच या रुग्णांपैकी शेकडा सुमारे १७ जणांत नैराश्य व शेकडा २७ जणांत चिंतेची लक्षणे आढळली. म्हणजे दर सहांत एक खचलेला, आणि दर चारांत एकाहून अधिक धास्तावलेले. ही धास्ती उपचार संपल्यावरही राहते. दर तीन किंवा सहा महिन्यांनी पी.एस.ए. नावाची रक्ताची तपासणी असते. तिचा आकडा चढला की रोगाने डोके वर काढले असे समजून तपास करतात. त्या तपासणीच्या आधीचा आठवडा घरात कसा जातो, हे त्यांच्या पत्नीला विचारावे. शब्दाला शब्द लागतो, ताटावरून उठून जाणे होते, आणि मुलांना वाटते की बाबा म्हातारपणाने चिडचिडे झाले.

पुरुषाचे नैराश्य ओळखताना हाच घोटाळा होतो. ते पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर पडते, क्वचित दारूच्या. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप आणि भूक उडाली, "मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही" असे बोलणे वारंवार येऊ लागले, तर तो स्वभाव समजू नये. डॉक्टरांना दाखवावे. नैराश्यावर औषधे आहेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून ती सोडू नयेत, आणि बरे वाटल्यावरही डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवू नयेत. या औषधांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी चटक लागत नाही. त्यांतील काहींनी अंगातल्या वाफाही कमी होतात. समुपदेशकाशी बोलण्याने पुष्कळांना गुण येतो. झेपेल इतके रोज चालणे व व्यायाम यांचाही मनाला आणि थकव्याला चांगला उपयोग होतो. सकाळी फिरायला जाणाऱ्या आपल्या निवृत्त मंडळींनी अशा एका बंधूला वाटेत हाक मारली, तर ती मोठी सेवा होईल.

आता गंभीर भाग. स्वीडन देशात चाळीसहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान कळल्यावर पुरुषांमध्ये आत्महत्येचे आणि हृदयविकाराने मरण येण्याचे प्रमाण वाढते, आणि ते पहिल्या आठवड्यात सर्वांत अधिक असते, असे त्यात आढळले. एकंदरीत असे दुर्दैवी लोक थोडेच. पण पहिला आठवडा हे शब्द ध्यानात ठेवावेत. यशया त्याच दिवशी का परतला, याचा येथे विचार व्हावा. निदानाची बातमी कळली की पहिल्या रविवारची वाट पाहू नये.

विषय काढला तर नसता विचार डोक्यात जाईल, ही समजूत चुकीची आहे. "जगणे नकोसे वाटते का? जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?" हे शांतपणे, एकांतात विचारावे. विचारल्याने धोका वाढत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून पुष्कळांना मोकळे वाटते. मोशे, एलीया, योना या तिघांनीही देवाजवळ मरण मागितले, आणि त्यांपैकी एकालाही देवाने त्यासाठी दूर लोटले नाही. उत्तर "होय" आले तर त्याला एकटे ठेवू नये, घरातील कीटकनाशके व जादा गोळ्या हलवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, अनेक भारतीय भाषांतून बोलता येते. पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने काही कुटुंबे गोष्ट दडपतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे आणि असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे धरून त्याला शिक्षेऐवजी उपचार मिळावा, हे त्याचे धोरण आहे.

भाषेचा मुद्दा आपल्या मंडळ्यांना विशेष लागू आहे. बडोद्याचा बंधू डॉक्टरांशी गुजरातीत, हैदराबादचा तेलुगूत किंवा हिंदीत, बेळगावचा कन्नडमध्ये आपले दुखणे नीट सांगू शकतो. कुठे दुखते, किती दिवस दुखते, सारे. पण मन कुठे दुखते हे आईच्या भाषेतच बाहेर येते. तेथे मराठी ऐकणारा कान मंडळीखेरीज दुसरीकडे सहज मिळणार नाही.

मानसोपचार म्हणजे विश्वासाला कमीपणा, असे समजणाऱ्यांनी डॉ. ई. स्टॅन्ली जोन्स यांची आठवण ठेवावी. ख्रिस्ताच्या सेवेसाठी भारतात आलेला हा मोठा सुवार्तिक सेवेच्या पहिल्या वर्षांत मनाने व शरीराने पुन्हा पुन्हा कोसळला होता आणि त्याने ते पुढे लपवले नाही. त्याच जोन्स साहेबांनी १९५० साली लखनौत नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र उभे केले. प्रार्थना आणि मनाचा डॉक्टर यांत त्यांना विरोध दिसला नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ पासून कर्करोगाच्या रुग्णालयात मनाच्या उपचाराची वेगळी शाखा उभारली. नेहमी आनंदी राहा, नाहीतर रोग वाढेल, ही रुग्णावर होणारी सक्ती म्हणजे एक जुलूमच, असे त्या मानीत. आपल्याकडे तोच जुलूम "प्रभूमध्ये आनंद करा" या उपदेशाच्या वेषात येतो. तो उपदेश करणारा पौल स्वतः अश्रूंनी पत्रे लिहीत असे, हे २ करिंथ २:४ मध्ये पाहावे.

वाळलेले झाड

आता पुन्हा यशयाकडे वळू. हिज्कीया बरा झाल्यावर बाबेलचे वकील त्याला भेटण्यास आले आणि त्याने त्यांना आपला सारा खजिना दाखवला. तेव्हा यशयाने सांगितले की, त्याच्या वंशातील काही जण बाबेलच्या वाड्यात षंढ होतील (३९:७). ज्याचे आयुष्य वाढले त्या राजाच्याच घराण्यावर हे येणार होते. सतरा अध्याय पुढे गेल्यावर त्याच पुस्तकात अशा माणसांसाठी देवाचा निरोप येतो. शिक्षकांनी येथे एक काळजी घ्यावी. ‘षंढ’ हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. वर्गात शास्त्रभाग वाचताना तो येईल, पण कोणाही आजारी बंधूला चुकूनही तो लावू नये.

नियमशास्त्रात (अनुवाद २३:१) अशा शारीरिक हानी झालेल्या पुरुषाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात देव ते दार उघडतो. आपण वाळलेले झाड आहोत, असे त्या माणसाने म्हणू नये, असे तो सांगतो. मंदिरात, त्याच्या भिंतींच्या आत, त्याला जागा आणि मुलामुलींनी मिळणाऱ्या नावाहून चांगले, कधी न पुसणारे नाव देण्याचे वचन देतो. हिज्कीयाने भिंतीकडे तोंड केले होते. येथे भिंतीच्या आत जागा मिळाली.

शेवटच्या बाकावर बसलेल्या त्या बंधूने अनुवादाचा तेविसावा अध्याय कधी वाचलाही नसेल. तरी तो स्वतःवर तोच नियम लागू करीत असतो. मी आता पुरता पुरुष नाही, तर मी वडील म्हणून पुढे कसा उभा राहू, प्रभुभोजनाचे पात्र कसे फिरवू, बायकोला तोंड कसे दाखवू? त्याला कोणी बाहेर घातलेले नाही. तोच आपला बाहेर जाऊन बसला आहे. म्हणून त्याचे जे काम होते ते काढून घेऊ नये. "आता तुम्ही विश्रांती घ्या, हिशेबाची वही दुसऱ्याकडे देऊ" हे आपण प्रेमाने म्हणतो, पण त्याला ऐकू येते ते वेगळेच. त्याला विचारावे. नको म्हणाला तर ठीक. हवे म्हणाला तर बसून करण्याजोगे करून द्यावे.

फिलिप्पाची गोष्ट येथे जोडून घ्यावी. कांदके राणीचा खजिनदार यरुशलेमेहून उपासना करून परतत होता. मंदिरात त्याला कुठपर्यंत जाऊ दिले होते, हे लिहिलेले नाही. तो रथात बसून यशयाचा त्रेपन्नावा अध्याय मोठ्याने वाचत होता. गुंडाळी थोडी पुढे उलगडली असती तर छप्पन्नावा लागला असता. फिलिप्प काय करतो ते क्रमाने पाहा. तो धावत जवळ जातो. आधी ऐकतो. मग एक प्रश्न विचारतो. बोलावल्यावर वर चढून शेजारी बसतो, आणि जे वचन तो मनुष्य वाचत होता तेथूनच बोलण्यास आरंभ करतो. घरून ठरवून आणलेला उपदेश काढीत नाही. आजारी बंधूच्या भेटीला जाणाऱ्याला याहून चांगला धडा मिळणार नाही. समोर खुर्ची मांडून बसण्यापेक्षा शेजारी बसावे, नाहीतर बरोबर चालावे. पुरुष बहुधा समोरासमोर बोलत नाहीत, एका दिशेला पाहत बोलतात. "कसे काय, बरे ना?" या प्रश्नाला "बरे" हेच उत्तर येते. "रात्री झोप लागते का?" याला खरे उत्तर येण्याचा संभव अधिक.

जाणारा पुरुष असावा, आणि शक्य तर याच वाटेने गेलेला असावा. मंडळीत किंवा शेजारच्या मंडळीत असा कोणी असला तर त्याची परवानगी घेऊन दोघांची गाठ घालून द्यावी. पत्नीकडे भगिनींपैकी एका शहाण्या, पोटात गोष्ट ठेवणाऱ्या बाईने स्वतंत्रपणे जावे. तीही एक मूक दुःख बाळगून असते. नवऱ्याला लाज वाटू नये म्हणून ती काही बोलत नाही, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तो बोलत नाही. एका खाटेच्या दोन बाजूंना दोघे जागे असतात. संबंधांच्या अडचणीवर गोळ्या व इतर उपाय आहेत, डॉक्टरांना ते विचारण्यात पाप नाही, एवढे जरी त्यांना कळले तरी पुष्कळ झाले. आणि काहीही जमले नाही तरी हातात हात घेऊन बसता येते, हेही कोणीतरी सांगावे.

सार्वजनिक प्रार्थनेविषयी एक सूचना. आजाऱ्यांची नावे वाचताना दुखण्याचे नाव त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय कधीही उच्चारू नये. चांगल्या हेतूने केलेली घोषणा प्रार्थनेच्या नावाखाली गावभर होते, आणि मग तो बंधू शेवटच्या बाकावरूनही नाहीसा होतो.

वर्गात चर्चेसाठी

यशया ३८:९-२० प्रत्येकाने मनात वाचावे आणि हिज्कीयाच्या कोणत्या शब्दांत आपल्याला आपले काही सापडते, ते हवे असल्यास सांगावे. कोणावर सक्ती करू नये. संदेष्टा मधल्या चौकातून परत फिरला, तसे आपल्या मंडळीत गेल्या वर्षभरात कोणत्या घरी परत जायचे राहून गेले, याची नावे कमिटीने स्वतंत्र बसून काढावीत, वर्गात नव्हे. लहान मुलांच्या शिक्षकांनी हा विषय मुलांपुढे काढू नये. आजोबा थकले आहेत, त्यांच्यासाठी चित्र काढून द्या, एवढे पुरे. शेवटी, आपल्या मंदिराच्या आवारात स्वच्छतागृह कोठे आहे, ते उपासनेच्या वेळी उघडे असते की त्याची किल्ली शिपायाच्या खिशात असते, आणि शेवटच्या बाकापासून तेथे पोचण्यास किती पावले पडतात, हे प्रौढ वर्गाने पाठ संपल्यावर मिळून चालून पाहावे.